300 भागांसाठी माणसं निवडताना

मराठी दैनंदिन मालिका आठवड्यातून सहा दिवस दिसते असं धरलं तर वर्षाला 312 भाग होतात. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा जाता साधारण 22 मिनिटं उरतात आणि ती जवळजवळ रोजच्या रोज शूट करावी लागतात. एक सीन दोन-तीन मिनिटांचा धरला, तर बारा तासांच्या शिफ्टमध्ये सात ते अकरा सीन निघायला हवेत, तेही मेकअप, लायटिंग, जेवण आणि मधल्या पावसाचा खोळंबा धरून. मुख्य भूमिकेतला कलाकार महिन्याचे 22 ते 25 दिवस सेटवर असतो.

मालिकेच्या कास्टिंगमधले बहुतेक निर्णय या आकड्यांतून निघतात. ऑडिशनच्या खोलीत मात्र नेमके हेच आकडे विसरले जातात. कुणीतरी एक रडण्याचा सीन जीव ओतून करतं, सगळे भारावतात आणि नाव पुढे जातं. तीच व्यक्ती चौथ्या महिन्यात, रात्री नऊला, दिवसातला आठवा सीन हातात पडल्यावर कशी उभी राहील, हे कुणी पाहिलेलंच नसतं. दूरदर्शनवर प्रायोजित मालिका 13 भागांच्या असत, तेव्हा एका उत्तम सीनवर माणूस निवडणं परवडत होतं. आता नाही परवडत.

सुरुवात ब्रीफपासून, म्हणजे कसा कलाकार हवा याच्या टिपणापासून होते. चॅनलकडून किंवा निर्मिती संस्थेच्या क्रिएटिव्हकडून येणारा ब्रीफ बहुतेक वेळा असा असतो: ‘वय 23, मध्यमवर्गीय, गोड, स्वाभिमानी, पहिल्या नजरेत आवडावी.’ यावरून कुणालाही बोलावता येतं आणि कुणालाही नाकारता येतं. कास्टिंग डिरेक्टरने इथे थांबून लेखकाला गाठावं आणि पहिल्या तीन महिन्यांचा ट्रॅक, म्हणजे कथेचा आराखडा मागावा. तो वाचून प्रत्येक पात्राचं एक पान करावं: पडद्यावरचं वय, कुणाशी सर्वाधिक सीन, त्या सीनमध्ये बहुतांश वेळ काय चालतं (भांडण, सोसणं, कारस्थान की नुसतं ऐकणं), अंगी लागणारं कौशल्य आणि महिन्याला किती दिवस. शेवटचा मुद्दा सगळ्यात कामाचा. महिन्याला सहा दिवसांच्या मामासाठी नाटकात गुंतलेला ज्येष्ठ नट मिळू शकतो. बावीस दिवसांच्या सासऱ्यासाठी तोच नट मागितला, तर दोन महिन्यांनी त्याच्या प्रयोगांच्या तारखा आणि शूटिंगच्या तारखा एकमेकांच्या उरावर बसतात.

कास्टिंगमध्ये नाटक हा मराठीचा खास प्रश्न आहे आणि खास भाग्यही. शनिवार-रविवारी शिवाजी मंदिर, दीनानाथ, गडकरी रंगायतन इथे प्रयोग असणारे निम्मे कलाकार सोमवारी कुठल्या ना कुठल्या सेटवर असतात. म्हणून पहिल्याच फोनवर विचारायचं: सध्या नाटक चालू आहे का, महिन्याला किती प्रयोग, दौरा आहे का, परदेश दौरा ठरलाय का. ‘जमवून घेऊ’ या उत्तरावर विसंबू नका, तारखा लिहून घ्या. विदर्भातला कलाकार घेत असाल तर झाडीपट्टीच्या नाटकांचं विचारा. वडसा-देसाईगंज भागातला तो हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, आणि त्यात गुंतलेल्या नटाला हिवाळ्यात मुंबईत महिनाभर अडकवून ठेवणं म्हणजे त्याच्या वर्षाच्या कमाईवर पाणी सोडायला सांगणं.

नवी माणसं कुठून आणायची, याची वाट मराठीत बऱ्यापैकी मळलेली आहे. पुण्याची पुरुषोत्तम करंडक, मुंबईतली आयएनटी आणि सवाई या एकांकिका स्पर्धा, विद्यापीठाचे युवा महोत्सव, राज्य नाट्य स्पर्धेची केंद्रं. एकांकिका बघायला जाताना पारितोषिक मिळालेल्या मुलांचीच नावं टिपणं ही सवय मोडायला हवी. स्पर्धेत बक्षीस मिळतं ते मोठ्या आवाजाला, मोठ्या हालचालीला, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या नटाला. मालिकेचा क्लोजअप त्याच नटाच्या भुवया ‘फार’ करून टाकतो. त्याच्या मागे उभा राहून शांतपणे ऐकणारा दुसरा मुलगा बघा. मालिकेचा अर्धा वेळ रिॲक्शनचा असतो आणि ऐकणं येणाऱ्यालाच रिॲक्शन देता येते. कालिन्यातलं मुंबई विद्यापीठाचं नाट्यकला विभागाचं वर्तुळ आणि पुण्याचं ललित कला केंद्र इथली मुलं तयारीची असतात, मात्र त्यांना कॅमेऱ्यासमोर पहिले काही दिवस सवयीसाठी द्यावे लागतात. तेवढा वेळ शेड्यूलमध्ये नसेल, तर मुख्य भूमिकेसाठी त्यांचं नाव पुढे करू नका. त्यांचंही नुकसान होतं.

आता ऑडिशन. वर्सोव्यातल्या आरामनगरच्या गल्ल्यांत अशा खोल्या शेजारी शेजारी आहेत. खोली साधी चालते, पण तीन गोष्टींवर तडजोड नको: आवाज, प्रकाश आणि क्यू देणारा (समोरच्या पात्राच्या ओळी वाचणारा). एसीचा घरघराट आणि बाहेर हॉर्न असेल तर कलाकार नकळत आवाज चढवतो आणि टेपवर तो कर्कश दिसतो. प्रकाश समोरून सपाट ठेवला की सगळे सारखे दिसतात. किंचित बाजूने ठेवला की चेहऱ्याची ठेवण कळते. पावसाळ्यात सकाळी साडेदहाच्या आधीचे स्लॉट देऊ नयेत. कल्याण-डोंबिवली आणि वसई-विरारकडून येणारी मुलं लोकल अडकली की घामाघूम, भिजून पोचतात आणि पहिला टेक धावपळीतच संपतो. पोचल्यावर दहा मिनिटं बसायला, पाणी प्यायला, केस पुसायला जागा द्या. यात कनवाळूपणा कमी, तुमच्या टेपचा दर्जा जास्त आहे.

सुरुवातीला इंट्रो: नाव, वय, उंची, राहण्याचं ठिकाण, येणाऱ्या भाषा आणि बोली, अलीकडचं काम, सध्याच्या तारखांची बांधिलकी. मग समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पूर्ण उंचीत. हे सगळं अर्ध्या मिनिटात उरकतं. राहण्याचं ठिकाण विचारायला अनेकजण लाजतात, पण ते सेटशी जुळवून बघावंच लागतं. डोंबिवलीत राहणारी मुलगी आणि मढचा बंगला असं समीकरण असेल तर वर्सोव्याची फेरी पकडूनही जाण्यायेण्यात रोजचे चार-पाच तास जातात. बारा तासांची शिफ्ट त्यात मिळवली की झोप उरत नाही. तीन महिन्यांत तब्येत बिघडते आणि मग ‘कलाकार नखरे करतात’ अशी कुजबूज सुरू होते. हीच मुलगी घोडबंदर रोडवरच्या सेटसाठी अगदी योग्य ठरेल. गोरेगावची चित्रनगरी, मढ, घोडबंदर, नायगाव यांपैकी सेट कुठे लागणार, हे कास्टिंगला आधी कळायला हवं. बहुतेक वेळा ते शेवटी कळतं.

सीन दोन ठेवावेत. पहिला आदल्या दिवशी पाठवलेला. दुसरा तिथेच हातात द्यायचा, पंधरा मिनिटांची मुदत देऊन, दीड पानाचा. या दुसऱ्या सीनवर मी जास्त भर देतो. सेटवर सीन सकाळी हातात पडतो, कधी शूटच्या अर्धा तास आधी. ज्याला पाठांतर लवकर होत नाही त्याला प्रॉम्प्टिंगवर (बाजूने ओळी सांगून) चालवावं लागतं, आणि प्रॉम्प्टिंगवर चालणारा नट समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही, कान मागे ठेवून उभा राहतो. प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण ‘हा खोटा वाटतो’ हे बरोबर जाणवतं. पंधरा मिनिटांत शब्दन्‌शब्द पाठ व्हायलाच हवेत असं नाही. वाक्य चुकल्यावर अर्थ धरून पुढे जातो का, की थांबून ‘सॉरी, परत’ म्हणतो, ते बघायचं.

तिसरी परीक्षा बिनशब्दांची. कलाकाराला बसवायचं, क्लोज लावायचा, आणि समोरून एखादी बातमी सांगायची: ‘दादानं घर गहाण टाकलंय.’ दहा सेकंद काहीही बोलायचं नाही. ज्यांना काहीतरी करून दाखवावंसं वाटतं ते तिसऱ्या सेकंदाला ओठ चावतात, पाचव्याला डोळे मिटतात. ज्यांच्या डोक्यात खरोखर विचार चालू असतो त्यांच्या चेहऱ्यावर फार थोडं घडतं आणि तेवढं पुरतं.

क्यू देणारा हा ऑडिशनचा सगळ्यात दुर्लक्षित माणूस. सपाट, यांत्रिक आवाजात ओळी वाचल्या की समोरच्या कलाकाराला धरायला काहीच मिळत नाही; आणि त्याने स्वतःच अभिनय सुरू केला तर सीन त्याचा होतो. त्याने लेन्सच्या अगदी शेजारी, कलाकाराच्या डोळ्यांच्या उंचीवर उभं राहावं. लांब उभा राहिला तर नजर फ्रेमबाहेर जाते आणि टेप बघणाऱ्या चॅनलच्या ईपीला (एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरला) कलाकाराचे डोळेच दिसत नाहीत. नाव मंजूर न होण्याचं हे एक अगदी फालतू, तरी वारंवार घडणारं कारण आहे.

पहिला टेक तसाच होऊ द्या. दुसऱ्याला एकच सूचना द्या, तीही उलटी: रागाचा सीन असेल तर ‘आता हेच हसत, पाहुणे बसलेत असं समजून’. सूचना घेऊन बदलणारा कलाकार मालिकेत दिग्दर्शक बदलला तरी निभावतो, आणि मालिकेत एपिसोड दिग्दर्शक बदलतातच. दोन्ही टेक हुबेहूब एकसारखे आले, तर समजा की घरी आरशासमोर बसवलेलं आहे.

सेल्फ टेपबद्दल, म्हणजे कलाकाराने स्वतः शूट करून पाठवलेल्या ऑडिशनबद्दल थोडक्यात. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, खिडकी समोर (पाठीमागे नको), मागची भिंत मोकळी, छातीपासून वरची फ्रेम. संगीत, एडिटिंग, फिल्टर काहीही नको. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ पाठवला की तो दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या, आणि लिंक सगळ्यांना उघडेल अशी परवानगी चालू करा. परवानगी मागणारी बंद लिंक आली तर, शंभर टेप बघायच्या असताना, ती मागे राहते ती राहतेच. फाइलला नाव, वय, उंची आणि पात्र एवढं नाव द्या. ‘फायनल ऑडिशन नवीन’ नावाच्या फाइली प्रत्येक कास्टिंगवाल्याच्या संगणकात ढिगाने पडलेल्या असतात.

बोलीचं कास्टिंग हा माझ्या आस्थेचा विषय, म्हणून थोडं सविस्तर. कोकणातली गोष्ट असेल तर ‘माका, तुका, खंय’ एवढं पाठ करून येणारे पुष्कळ. वऱ्हाडीसाठी ‘करून राहिलो’, कोल्हापुरीसाठी ‘करायलाईस’. शब्द बदलतात, चाल मात्र पुण्या-मुंबईचीच राहते, आणि मालवणचा किंवा अकोल्याचा प्रेक्षक पहिल्या वाक्यात चॅनल बदलतो. लिहिलेला संवाद देऊन बोली तपासूच नये. कलाकाराला घरी आईला किंवा गावच्या मित्राला फोन लावायला सांगा आणि बाजूला बसा. दोन मिनिटांत खरी चाल कानावर येते. घरात ती बोली नसेल, पण कान चांगला असेल, तर सेटवर त्या भागातला एक माणूस पहिले दोन महिने बोली तपासायला ठेवावा लागेल, हे निर्मात्याला तेव्हाच सांगून टाका. नंतर सांगितलं तर बजेट नसतं. सगळ्या घरानं एकच बोली बोलावी, एवढी किमान शिस्त तरी पाळावी. आई सातारची, मुलगा ठाण्याचा आणि आजी नाशिकची वाटत असेल तर ते घर उभंच राहत नाही.

घर उभं राहणं हाच पुढचा टप्पा. सहसा नायिका पहिली लॉक होते, कारण प्रोमो तिच्यावर असतो. त्यानंतर नायकाच्या मागे सगळे धावतात. माझं मत वेगळं आहे. नायिकेनंतर आधी घरातली मोठी बाई ठरवावी: सासू, आई, आजी, जी कुणी सत्ता चालवते ती. रोजच्या भागात नायिकेचे सर्वाधिक सीन तिच्याशीच असतात. ती हलकी पडली तर नायिकेचा संघर्ष पोरकट वाटतो. ती नुसतीच कर्कश असली तर तिसऱ्या आठवड्यात प्रेक्षक कंटाळतो. नायक या दोघींच्या मधोमध उभा करायचा असतो, म्हणून त्याला दोघींबरोबर उभं करून बघितल्याशिवाय ठरवू नये.

जोडीच्या टेस्टमध्ये उंची बघतात, ते बरोबरच आहे. चार ते सहा इंचांचा फरक टू शॉटला (दोघं एका फ्रेममध्ये) सोयीचा. नऊ-दहा इंच झाला की कुणाच्या तरी पायाखाली पेटी येते आणि चालतानाचे शॉट अडतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आवाजाची पट्टी. दोघांचे आवाज एकाच पट्टीत असले तर भांडणाचा सीन गोंगाट होतो. डोळे मिटून टेप ऐका. कोण बोलतंय हे ओळखू आलं पाहिजे. आई आणि मुलाच्या वयातला फरक हा तर जुनाच दुखणेकरी विषय. नायकाहून जेमतेम आठ-दहा वर्षांनी मोठ्या अभिनेत्रीला त्याची आई करतात, केसांना पांढरी बट लावतात आणि लुक टेस्टला ‘छान दिसतेय’ म्हणून पास करतात. एचडी क्लोजमध्ये मान आणि हात वय सांगतात. लुक टेस्टला नेहमी हातांचा एक शॉट घ्यावा, आणि तो रोजच्या घरगुती साडीत, दागिन्यांशिवाय.

लुक टेस्ट आणि मॉक शूटनंतर (चाचणीचं शूट) नाव चॅनलकडे जातं. इथे दिवस जातात. कलाकाराला ‘होल्ड’वर ठेवायचं, पैसे द्यायचे नाहीत, आणि दुसरं काम घेऊ नको म्हणायचं, ही पद्धत अन्यायाची आहे आणि व्यवहारातही तोट्याची, कारण तिसऱ्या आठवड्यात चांगला कलाकार दुसरीकडे सही करून मोकळा होतो. होल्डची तारीख ठरवून सांगा, आणि त्या तारखेला होकार नसेल तर मोकळं करा. प्रत्येक मुख्य पात्रासाठी दुसरं आणि तिसरं नाव पूर्ण तपासून तयार ठेवा, त्यांची लुक टेस्टसुद्धा करून. खरी मुदत पहिल्या भागाच्या शूटची नसते, प्रोमोच्या शूटची असते. चेहरा प्रोमोत झळकला की बदलता येत नाही, आणि प्रोमो मालिकेच्या कितीतरी आधी सुरू होतो.

करारातल्या गोष्टी कास्टिंगने स्वतः समजावून सांगाव्यात. मालिकेत मानधन बहुधा दिवसावर ठरतं. म्हणून दिवसाच्या आकड्याइतकंच महिन्याला किमान किती दिवसांची हमी आहे हे महत्त्वाचं. मोठा आकडा आणि चार दिवस, यापेक्षा मधला आकडा आणि पंधरा दिवसांची लेखी हमी बरी. पैसे अनेक ठिकाणी 90 दिवसांनी येतात. म्हणजे जूनमध्ये केलेल्या कामाचे सप्टेंबरअखेर. 10 टक्के टीडीएस कापला जातो. नव्याने मुंबईत भाड्याने राहणाऱ्या मुलाला हे आधी सांगितलं नाही, तर दुसऱ्याच महिन्यात त्याच्याकडे घरभाडं नसतं. शिफ्ट किती तासांची, जादा तासांचं काय, प्रवासखर्च धरलाय की वेगळा, एकाच वेळी दुसरी मालिका किंवा वेब सिरीज करता येईल का, सोडायचं असल्यास किती दिवसांची नोटीस, हे सगळं लेखी. कोऑर्डिनेटरमार्फत (काम मिळवून देणारा मध्यस्थ) काम आलं असेल तर त्याचं कमिशन किती आणि किती महिने, तेही.

लहान मुलं असतील तर नियम वेगळे, आणि ते पाळणं कास्टिंगपासूनच सुरू होतं. बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली आणि 2017 मध्ये नियम आले. त्यांनुसार 14 वर्षांखालच्या मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावी लागते, आणि सलग 27 दिवसांहून अधिक काम चालत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी शूटिंग ज्या जिल्ह्यात आहे तिथली लागते. गोरेगाव किंवा मढ मुंबई उपनगरात, घोडबंदर ठाण्यात, नायगाव पालघरमध्ये. सेट हलला की कागद पुन्हा. पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते, आणि मानधनाचा किमान 20 टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत जातो. पाच तासांच्या मर्यादेमुळे बालकलाकारावर अख्खा ट्रॅक बेतणं अवघड असतं, हे लेखकाला सुरुवातीलाच सांगा. आणखी एक बारीक गोष्ट: सहा-सात वर्षांच्या मुलाचे पुढचे दात पडतात. कथेत काही महिने एकच आठवडा चालू असेल तर एका भागात दात आहे, दुसऱ्यात नाही. म्हणून ऑडिशनला दात हलतोय का तेसुद्धा बघावं.

विनोदी मालिका आणि स्किटच्या कार्यक्रमांचं कास्टिंग वेगळ्या बुद्धीने करावं लागतं. अमेरिकेत एमी पुरस्कारांमध्ये ड्रामा आणि कॉमेडी मालिकांच्या कास्टिंगला वेगवेगळे पुरस्कार आहेत. ऑस्करने तर कास्टिंगसाठी स्वतंत्र पुरस्कार 2025 सालच्या चित्रपटांपासून सुरू केला. आपल्याकडे मात्र विनोदी मालिकेसाठीही तीच ऑडिशन पद्धत वापरली जाते: एकेकाला बोलवा, एक ‘कॉमेडी पीस’ करून घ्या. एकट्याने केलेल्या पीसवरून विनोदाचं फार थोडं कळतं. तो त्याने कॉलेजपासून शंभरदा केलेला असतो.

विनोदासाठी तीन-तीन जणांना एकत्र बोलवा. सीन एकच, भूमिका फिरवून. प्रत्येकाने एकदा पंच, म्हणजे हशा काढणारी ओळ घ्यायची, एकदा समोरच्याला पंचासाठी जागा द्यायची, एकदा नुसतं मधे उभं राहायचं. पंच घेणारे बरेच सापडतात. जो समोरच्याला पंचासाठी नेमकी जागा देतो आणि हशा ओसरेपर्यंत चेहरा सरळ ठेवतो तो दुर्मीळ, आणि आधी तोच लॉक करावा. आपल्या तमाशात हे शहाणपण जुनं आहे. बतावणीत सोंगाड्याला खेळायला समोर कुणीतरी ठाम उभं असतं, गवळणीत मावशीच्या फिरक्यांना गवळणी आणि पेंद्या धरून ठेवतात. टेकू नसला की सोंगाड्या नुसता ओरडतो. विनोदी मालिकेतला कडक वडील, गंभीर सोसायटी सेक्रेटरी, कधीही न हसणारी वहिनी या भूमिका त्यामुळे ‘साइड’ समजून शेवटी भरू नयेत.

खोलीतल्या सगळ्यांना एक सूचना द्या: हसायचं नाही. निर्दयी वाटतं, पण सिटकॉम शूट होतं तेव्हा सेटवर कुणी हसत नाही, साउंड चालू असतो. हशा मिळाला नाही की काही कलाकार घाबरून वेग वाढवतात, काही पंच दोनदा मारतात, काही स्वतःच्या पदरची वाक्यं घालू लागतात. प्रेक्षकांसमोर होणाऱ्या स्किटसाठी उलट हवं. तिथे हशा आल्यावर थांबता येणं आणि हशा आला नाही तर न थांबणं, दोन्ही लागतं. म्हणून सिटकॉमसाठी उत्तम ठरलेला नट स्किटमध्ये फिका पडू शकतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो. दोन कार्यक्रमांसाठी एकच टेप वापरून निर्णय घेणं चुकीचं आहे.

एक प्रयोग आवर्जून करावा: एका कलाकाराला गुपचूप सांगायचं की, पंचाच्या आधीची ओळ चुकवायची. मग दुसरा काय करतो ते बघायचं. जो चुकलेल्या ओळीतूनच काहीतरी काढतो त्याला दर आठवड्याला नवीन स्किट पेलता येईल. आणि जाडेपणा, बुटकेपणा, काळा रंग यांवर विनोद बेतण्यासाठी म्हणून कुणाला निवडू नका. ते विनोद पाच-सहा भागांत संपतात. त्यानंतर त्या कलाकाराला द्यायला लेखकाकडे काही उरत नाही, आणि माणूस मनातून तुटतो.

नवीन मुलामुलींसाठी एवढं स्पष्ट लिहायलाच हवं: ऑडिशनला पैसे लागत नाहीत. रजिस्ट्रेशन, ‘आर्टिस्ट कार्ड’, सक्तीचा पोर्टफोलिओ, कॉश्च्युमचं डिपॉझिट यांपैकी काहीही मागितलं तर तिथून निघा. निर्मिती संस्थेचं आणि चॅनलचं नाव विचारा आणि संस्थेच्या ऑफिसला स्वतः फोन करून खात्री करा. ऑडिशन दिवसा, ऑफिसात किंवा स्टुडिओत होते. हॉटेलच्या खोलीत, रात्री, एकटीने होत नाही. 2013 चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा कास्टिंग ऑफिसलाही लागू होतो. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान ऑफिस असेल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते. आम्हा कास्टिंगवाल्यांचंही एक कर्तव्य आहे: कुणाची टेप ज्या पात्रासाठी घेतली त्यापलीकडे, विचारल्याशिवाय, ग्रुपवर फिरवायची नाही.

मालिका सुरू झाल्यावर काम थांबत नाही. दर आठवड्याला बार्कचे (प्रेक्षकसंख्या मोजणारी संस्था) आकडे येतात आणि ट्रॅक वळतो. तीन दिवसांसाठी आणलेली भाडेकरूची भूमिका आवडली की सहा महिने चालते. म्हणून छोट्या पात्रालाही, ते वाढलं तर वर्षभर पेलेल असा कलाकार घ्यावा आणि त्याच्या पुढच्या तारखा पहिल्याच दिवशी विचारून ठेवाव्यात. हळदीकुंकू, गणपती, लग्न अशा सीनसाठी ज्युनिअर आर्टिस्ट मागवताना मराठी सण घरात पाहिलेली माणसं मागा. आरतीच्या वेळी मागच्या रांगेतले ओठ नुसतेच हलत असतील तर ते लगेच दिसतं, आणि नऊवारी नेसता येणाऱ्या चार बाया असल्या तर वेशभूषेचा तास वाचतो.

रिप्लेसमेंटची वेळ बहुतेक मालिकांवर येते: आजारपण, बाळंतपण, दुसरं काम, न पटणं. अशा वेळी जुन्या कलाकारासारखा दिसणारा चेहरा शोधायला सगळे धावतात, आणि प्रेक्षक रोज तुलना करत बसतात. चेहरा वेगळा चालेल; उंची, आवाजाची पट्टी आणि बोलण्याचा वेग जवळचा असावा, कारण बाकीच्या कलाकारांची लय त्यावर बसलेली असते. तयार ठेवलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या नावांची यादी इथे कामी येते, पण त्यांच्या टेप वर्ष जुन्या असतील तर सध्याच्या कलाकारांसोबत नवीन टेस्ट घ्याच. नव्या कलाकाराला मागचे वीस-पंचवीस भाग बघायला द्या, त्यातही भांडणाचे आणि जेवणाच्या टेबलावरचे, कारण नात्यातल्या सवयी तिथे दिसतात. पहिला सीन मोठ्या भावनेचा देऊ नका. घरातल्या सगळ्यात प्रिय पात्राबरोबर, शक्यतो आजी किंवा लहान मुलाबरोबर, साधा रोजचा सीन द्या आणि त्यात त्या पात्राला जुन्याच हाकेने बोलवू द्या. मग तीन-चार दिवस समूहाचे सीन, आणि नायिकेबरोबरचा मोठा सीन दुसऱ्या आठवड्यात.

कलाकार बदलल्याची पाटी दाखवायची की नाही, हे चॅनल ठरवतं.